घरगुती इंटरनेटची मंदगती : रांग नेमकी कोठे लागते?

आपल्या देशात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. दूरध्वनीच्या तारेवरून मोडेमची किरकिर ऐकत जोडणी मिळविणे हेच त्या काळी एक दिव्य होते. ती मिळाल्यावर गतीविषयी कुरकुर करण्याचे धैर्य फारसे कोणी दाखवीत नसे. पुढे २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला किमान २५६ किलोबिट गती देणाऱ्या अखंड जोडणीस 'ब्रॉडबँड' म्हणावे असे ठरविले. ही मर्यादा २०१३ साली ५१२ किलोबिट आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आली. प्रत्यक्ष बाजारपेठ तर व्याख्येच्या कितीतरी पुढे गेली असून शहरांत व अनेक तालुक्यांच्या ठिकाणी ५० ते १०० मेगाबिटचे प्लॅन ही सामान्य बाब झाली आहे. असे असूनही 'आमचे नेट फार हळू चालते' ही तक्रार मात्र १९९५ इतकीच ताजी आहे.

२०२४ च्या अखेरीस देशातील ब्रॉडबँड ग्राहकांची संख्या चौऱ्याण्णव कोटींच्या घरात होती. त्यांतील बहुसंख्य मोबाइलचे ग्राहक होत. तारेने जोडलेले ग्राहक सुमारे चार कोटी. संख्येने लहान वाटणारा हा गट महत्त्वाचा आहे, कारण तारेची एक जोडणी म्हणजे एक माणूस नव्हे, एक कुटुंब असते. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग आणि कार्यालये घरात आली, तेव्हापासून या एका तारेवर मुलीची ऑनलाइन परीक्षा, वडिलांची बैठक, आजींची मालिका आणि भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्याचे नोकरीचे अर्ज असे सर्व काही एकाच वेळी चालते. ती तार अडली की नुकसान केवळ करमणुकीचे होत नाही.

अशा वेळी कुटुंबे बहुधा एकच उपाय करतात आणि तो म्हणजे वरचा प्लॅन घेणे. सेवापुरवठादाराच्या ग्राहक केंद्रातूनही पुष्कळदा हाच सल्ला मिळतो. समजा, वरच्या प्लॅनसाठी महिन्याला तीनशे रुपये अधिक मोजावे लागतात. १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून वर्षाला ही रक्कम चार हजारांच्या वर जाते. हा खर्च योग्य कारणासाठी झाला तर त्याबद्दल आक्षेप घेण्याचे कारण नाही. तथापि मंदगतीचे मूळ पुष्कळदा मार्गाच्या रुंदीत नसतेच. ते मार्गावरील एखाद्या ठिकाणी लागलेल्या रांगेत असते. ही रांग नेमकी कोठे लागते याचा शोध न घेता मार्ग रुंद करणे म्हणजे टोलनाक्यावर गाड्या अडल्या असता गावातला रस्ता चौपदरी करण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखात हा शोध घरच्या घरी कसा घ्यावा आणि त्याच्या आधारे कोणाकडे काय मागावे, याचा विचार केला आहे.

रांगेचे गणित

दूरसंचारातील रांगांचे शास्त्र इंटरनेटपेक्षा बरेच जुने आहे. कोपनहेगन येथील दूरध्वनी कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती ए. के. एरलांग यांनी १९०९ साली या विषयावरील आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. हजारो वर्गणीदारांसाठी हजारो तारा टाकणे परवडत नाही, मग किती तारा पुरेशा होतील, हा त्यांच्यापुढील प्रश्न मुळात अर्थशास्त्राचाच होता. त्यातून विकसित झालेल्या रांगेच्या सर्वांत साध्या प्रतिमानातून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. एखादा मार्ग ५० टक्के व्यापलेला असेल तर त्यावरून जाण्यास रिकाम्या मार्गाच्या तुलनेत सरासरी दुप्पट वेळ लागतो. तोच ८० टक्के व्यापलेला असेल तर पाचपट, ९० टक्क्यांस दहापट आणि ९५ टक्क्यांस वीसपट. म्हणजे वाहतूक थोडीशी वाढते, परंतु विलंब मात्र एकाएकी उसळतो. दुपारी चांगले चालणारे नेट रात्री नऊ वाजता पार मंदावते, याचे रहस्य या गणितात आहे.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ट्रायने, २००६ च्या ब्रॉडबँड सेवा-गुणवत्ता विनियमांत गर्दीच्या वेळी सेवापुरवठादाराच्या कोणत्याही दुव्याचा वापर ८० टक्क्यांहून कमी असावा आणि तो ९० टक्क्यांवर गेल्यास तेथे कोंडी झाली असे समजावे, असा निकष घातला होता. वरील गणित ध्यानात घेतले म्हणजे हे आकडे किती विचारपूर्वक ठरविले होते ते समजते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. एकाच मार्गावर अनेक ग्राहक बसविणे ही फसवणूक नव्हे. घरोघरी येणाऱ्या ऑप्टिकल फायबरच्या प्रचलित 'जीपॉन' पद्धतीत सुमारे अडीच गिगाबिटचा एक प्रवाह बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटला जातो. बत्तीस घरांनी एकाच क्षणी पूर्ण ताकदीने माहिती उतरविली तर प्रत्येकाच्या वाट्याला ऐंशी मेगाबिटही येणार नाहीत. पण अशी वेळ क्वचितच येते. आणि म्हणूनच शंभर मेगाबिटचा प्लॅन मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडतो. वाटून घेणे हा या सेवेचा पायाच आहे. वाटेकरी किती असावेत, याला मर्यादा मात्र हवी.

मोजणी कशी करावी

पहिला घोळ एककाचा असतो. प्लॅन मेगाबिटमध्ये विकला जातो आणि संगणक फाइल उतरविताना मेगाबाइटमध्ये गती दाखवितो. एका बाइटमध्ये आठ बिट. त्यामुळे शंभर मेगाबिटच्या जोडणीवर साडेबारा मेगाबाइटच्या आसपास आकडा दिसला तर काही बिघडलेले नाही. दुसरी गोष्ट ठरावीक वापरानंतर गती उतरविण्याच्या अटीची. ही मर्यादा संपली असेल तर पुढील सर्व तपासणी व्यर्थ होय. महिन्याचा वापर आधी पाहावा.

त्यानंतरची पायरी बहुतेक जण टाळतात, पण तिच्यावाचून निदान होत नाही. लॅपटॉप किंवा संगणक तारेने थेट राउटरला जोडावा, घरातील इतर उपकरणे काही मिनिटे बंद ठेवावीत आणि मग गती मोजावी. हीच मोजणी सकाळी सहाच्या सुमारास व रात्री नऊच्या सुमारास, अशी निदान तीन दिवस करावी. त्यानंतर त्याच वेळांना वाय-फायवरून, राउटरच्या खोलीत आणि घरातील सर्वांत दूरच्या खोलीत मोजावे. मोबाइलवर यासाठी ट्रायचे 'मायस्पीड' हे ॲपही वापरता येते. आकडे वहीत तारीख-वेळेसह लिहून ठेवावेत. एका मोजणीवरून काहीच सिद्ध होत नाही. अठरा मोजण्यांवरून पुष्कळ काही होते.

या नोंदी वाचण्याची रीत सोपी आहे. गती घड्याळाप्रमाणे बदलत असेल, म्हणजे तारेवरही पहाटे उत्तम आणि रात्री वाईट असेल, तर रांग घराबाहेर आहे. गती खोलीप्रमाणे बदलत असेल तर दोष वाय-फायचा. एकाच उपकरणावर मंद आणि इतरांवर ठीक असेल तर ते उपकरण तपासावे. सर्व संकेतस्थळे चालतात आणि एकच अडते, तर बिघाड त्या टोकाला अथवा तेथवरच्या वाटेवर आहे. आणि घड्याळाशी काही संबंध न ठेवता, पाऊस वा वारा आला की जोडणी ढासळत असेल, तर तो गर्दीचा प्रश्न नसून तारेचा आहे.

घराच्या आत

भारतीय घरांत राउटरची जागा सोयीने ठरत नाही, ती तार जेथून आत आली तेथे ठरते. खिडकीच्या चौकटीजवळ, दूरचित्रवाणी संचाच्या मागे, शोकेसच्या खालच्या कप्प्यात अथवा लोखंडी कपाटाच्या आडोशाला तो बसविला जातो. रेडिओलहरींना धातू, पाणी, आरसे आणि सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या भिंती अडवितात. कोकणातील जांभ्या दगडाच्या जाड भिंती किंवा राजस्थानातील दगडी वाडे यांचाही अनुभव वेगळा नाही. राउटर घराच्या मध्यभागी, उघड्यावर, माणसाच्या उंचीइतका ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय असून त्यासाठी फार तर दहा-पंधरा मीटर जादा तार लागते. नेमक्या याच तारेपायी बसविणारा कारागीर कंटाळा करतो, हा भाग वेगळा.

वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून दूरवर जातो, पण त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या केवळ तीन आहेत : १, ६ आणि ११. मायक्रोवेव्ह भट्टी आणि ब्लूटूथची उपकरणेही याच पट्ट्यात वावरतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक रुंद व शांत आहे, परंतु एक-दोन भिंतींत त्याची शक्ती संपते. येथे एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एकच अँटेना असलेला जुना मोबाइल २.४ गिगाहर्ट्झवर राउटरशी फार तर ७२ मेगाबिटच्या दराने बोलतो आणि त्यातील प्रत्यक्ष उपयोगी गती चाळीस-पन्नासच्या आसपास भरते. अशा मोबाइलवर शंभरचा प्लॅन दोनशेचा केला, तरी पडद्यावरील आकडा हलणार नाही. वरच्या प्लॅनचे पैसे येथे अक्षरशः हवेत विरतात.

याहून सूक्ष्म प्रश्न हवेतील वेळेच्या वाटपाचा आहे. एका वाहिनीवर एका क्षणी एकच उपकरण बोलू शकते. दूरच्या खोलीतील मोबाइल क्षीण संदेशामुळे सेकंदाला ६ मेगाबिटने बोलत असेल, तर तेवढीच माहिती पाठविण्यास त्याला ५४ मेगाबिटने बोलणाऱ्या शेजाऱ्याच्या नऊपट वेळ लागतो आणि तेवढा वेळ बाकी सर्वांना थांबावे लागते. बसच्या दारात सुटे पैसे शोधत उभ्या राहिलेल्या एका प्रवाशामुळे मागची सगळी रांग खोळंबावी, तसा हा प्रकार होय. म्हणून टेबलावरचा संगणक आणि दूरचित्रवाणी संच यांसारखी हालचाल न करणारी उपकरणे शक्यतो तारेनेच जोडावीत. त्यामुळे ती स्वतः वेगाने चालतात आणि हवाही मोबाइलसाठी मोकळी राहते. तार निवडताना तिच्या चारही जोड्या जोडल्या आहेत ना, हे पाहावे. दोनच जोड्या जोडलेल्या असल्यास गती शंभर मेगाबिटवर अडते. दुकानात सहज मिळणारा स्वस्त रिपीटर हा उपाय मोहक वाटतो. पण एकाच पट्ट्यावर ऐकून पुन्हा बोलणारा रिपीटर प्रत्येक संदेशासाठी हवेतील वेळ दोनदा खर्च करतो आणि गती साधारण निम्मी करतो. तो दुवा ठरण्याऐवजी पुष्कळदा नवी रांगच ठरतो.

बहुमजली इमारतींत याच प्रश्नाला सामूहिक रूप येते. आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे. सर्वांचे असलेले गायरान प्रत्येकाने आपापल्या सोयीने चारले म्हणजे काय होते, ते गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडले होते. प्रत्येक सदनिकेतील राउटर पूर्ण शक्तीने आणि दुप्पट रुंदीच्या वाहिनीवर ओरडू लागला की कोणाचेच नीट ऐकू येत नाही. अशा सामाईक साधनांचे नियमन लोक आपसांतील नियमांनीही यशस्वीपणे करतात, हे दाखविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत गाड्या लावण्याच्या जागांवर तासभर चर्चा होते. २.४ गिगाहर्ट्झवर सर्वांनी २० मेगाहर्ट्झचीच रुंदी ठेवावी, वाहिन्या १, ६ किंवा ११ यांतूनच निवडाव्यात आणि जवळची उपकरणे ५ गिगाहर्ट्झवर न्यावीत, एवढा ठराव करण्यास दहा मिनिटे पुरतील.

अपलोडची कोंडी

घरातील आणखी एक रांग मात्र वाय-फायची नसते आणि गतिमापकावरही सहजी दिसत नाही. बैठकीत आवाज तुटतो, पाने उघडण्यास विलंब लागतो, पण मोजून पाहावे तर डाउनलोडची गती उत्तम! अशा वेळी अपलोडकडे पाहावे. तांब्याच्या तारेवरील जुन्या जोडण्यांत अपलोडची वाट मुळातच अरुंद असते, आणि कित्येक प्लॅनमध्येही ती डाउनलोडपेक्षा बरीच कमी ठेवलेली असते. सायंकाळी मोबाइल चार्जिंगला लावला की दिवसभराची छायाचित्रे व चित्रफिती आपोआप साठवणीसाठी वर जाऊ लागतात आणि ही वाट भरून जाते. डाउनलोड होणाऱ्या प्रत्येक माहितीची पोच याच वाटेने परत जात असल्याने पोच अडली की डाउनलोडही अडखळते.

त्यात राउटरच्या रचनेची भर पडते. माहिती गळू नये या सद्हेतूने अनेक राउटरांत मोठी साठवण ठेवलेली असते; परिणामी रांग लांबत जाते आणि परीक्षेचे उत्तर छायाचित्रांच्या मागे ताटकळत उभे राहते. तंत्रज्ञ याला 'बफरब्लोट' म्हणतात. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांगेच्या लांबीऐवजी त्यातील प्रतीक्षाकाळावर नियंत्रण ठेवणारी पद्धत सुचविली आणि तिचे सुधारित रूप २०१८ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत समाविष्ट झाले. ही सोय असलेल्या राउटरमध्ये ती चालू करून अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष गतीच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधावी. ती नसेल तर छायाचित्रांची साठवण मध्यरात्रीनंतर ठेवावी. तपासणीही सोपी आहे. संगणकावर 'पिंग' ही आज्ञा सुरू ठेवून त्याच वेळी मोठी फाइल अपलोड करावी. एरवी वीस-तीस मिलिसेकंदांत येणारे उत्तर अपलोड चालू असताना शेकडो मिलिसेकंदांवर गेले, तर रांग येथेच आहे. वरचा प्लॅन घेतल्याने ही रांग थोडी आखूड होईल, पण पुढच्या मोठ्या चित्रफितीला ती पुन्हा लागेल.

दारापासून सेवापुरवठादारापर्यंत

तांब्याच्या तारेवरील डीएसएल जोडणी जेथे अद्याप आहे, तेथे अंतर निर्णायक ठरते. एक्स्चेंजजवळ वीस मेगाबिटपर्यंत जाणारी गती चार-पाच किलोमीटरवर दोन-चार मेगाबिटवर येते. गंजलेले सांधे आणि पावसाचे पाणी उरलेले काम करतात. फायबरचे तसे नाही. तिच्यात प्रकाश पुरेसा पोहोचला तर अंतराने गती घटत नाही. अपुरा पोहोचला तर चुका वाढतात आणि जोडणी तुटू लागते. घरातील पेटीकडे येणाऱ्या प्रकाशाची पातळी तिच्या माहितीपानावर दिसते. ती साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएम या दरम्यान असावी आणि उणे २७ च्या काठावर असेल तर कारागिरास बोलवावे. दर तीन डेसिबलच्या घटीस प्रकाश निम्मा होतो. खिळ्यावरून काटकोनात वळविलेली, दारात चेमटलेली वा विजेच्या खांबावरून झाडांच्या फांद्यांत लोंबणारी तार हे डेसिबल मुकाट्याने खात असते.

रस्त्याच्या खोदकामात तुटलेली तार पुन्हा सांधली जाते. पण प्रत्येक सांध्यागणिक थोडा प्रकाश जातो. खोदणाऱ्यांनी आधी संबंधित यंत्रणांना कळवावे यासाठी मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप केंद्र शासनाने आणले. ग्रामीण भागात २०११ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याचे, म्हणजे पुढील भारतनेटचे, धागे अनेक ठिकाणी सरळ रेषेत टाकलेले होते. त्यामुळे एके ठिकाणी तार तुटली की पुढील सर्व ग्रामपंचायती अंधारात जात. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात म्हणूनच वर्तुळाकार रचनेवर भर आहे. वर्तुळात एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहते.

यानंतर सेवापुरवठादाराचे स्वतःचे जाळे येते. तारेवरची मोजणी पहाटे ९५ आणि रात्री ३० दाखवीत असेल, तर आपला राउटर बदलून उपयोग नाही. मात्र हे पडताळताना एक सावधगिरी बाळगावी. गतिमापक पुष्कळदा सेवापुरवठादाराच्याच आवारातील सर्व्हर निवडतो. तो आकडा म्हणजे केवळ त्याच्या दारापर्यंतच्या रस्त्याची प्रशस्ती. दुसऱ्या शहरातील, दुसऱ्या संस्थेचा सर्व्हर निवडूनही मोजावे.

दाराच्याही पलीकडे

काही वेळा दोष या दोघांच्याही हातात नसतो. पूर्वी देशातील दोन सेवापुरवठादारांमधील वाहतूकही परदेशातून फिरून येत असे. ती देशातच अदलाबदल व्हावी म्हणून २००३ साली नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. फायबरमधून संदेश एका मिलिसेकंदात सुमारे दोनशे किलोमीटर जातो, त्यामुळे विनाकारण घातलेला प्रत्येक वळसा मोजता येतो. परदेशी वाहतूक समुद्रतळावरील मोजक्या केबलांवर अवलंबून असून त्या मुंबई, चेन्नई, कोची अशा थोड्याच ठिकाणी किनाऱ्यास लागतात. जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या, तेव्हा भारतातील घरांत आणि कार्यालयांत इंटरनेट रखडले होते. अशा दिवशी राउटर दहा वेळा बंद-चालू केल्याने काही साधत नाही.

रुंदी हाच खरा प्रश्न असण्याचे ठळक उदाहरण अंदमान-निकोबारचे. ऑगस्ट २०२० पर्यंत ही बेटे मुख्यतः उपग्रहावर विसंबून होती. छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहापर्यंत जाऊन येणाऱ्या प्रश्नोत्तरास अर्धा सेकंद लागतोच, आणि क्षमताही तुटपुंजी होती. १० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नईहून सुमारे २३०० किलोमीटरची समुद्री केबल तेथे कार्यान्वित झाली. जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून लक्षद्वीपलाही केबल पोहोचली. तेथील कुटुंबाने घरात कितीही सुधारणा केल्या असत्या, तरी या केबलवाचून त्यांस फळ आले नसते. मुख्य भूमीवरील शहरी कुटुंबाची स्थिती नेमकी उलट असते : बाहेर मार्ग प्रशस्त आणि कोंडी शोकेसच्या खालच्या कप्प्यात.

जबाबदारी आणि तक्रार

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, विकणाऱ्यास मालाचे गुणदोष ठाऊक आणि घेणाऱ्यास अज्ञात असले की चांगल्या मालाची किंमत होत नाही. घरगुती इंटरनेटच्या बाजारात गती छापील असते, रांग मात्र अदृश्य. ग्राहक म्हणतो, 'नेट हळू आहे'. पुरवठादार म्हणतो, 'आमच्याकडून बरोबर आहे, तुमचे वाय-फाय पाहा.' दोघेही प्रामाणिक असू शकतात. २००६ च्या विनियमांत सेवापुरवठादाराच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंत नोंदविलेल्या गतीच्या ८० टक्क्यांहून अधिक गती मिळावी, असा निकष होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांची जागा दूरध्वनी, मोबाइल आणि ब्रॉडबँड यांसाठीच्या एकत्रित विनियमांनी घेतली. मोजमापाची हद्द अशा रीतीने पुरवठादाराच्या तारेच्या टोकाशी संपते. शेजाऱ्याच्या भिंतीची जबाबदारी पुरवठादारावर टाकता येणार नाही, हे मान्य. परंतु राउटर त्याचाच, बसविला त्याच्याच कारागिराने, आणि त्यातील व्यवस्था बदलण्याचा संकेतशब्दही ग्राहकास दिलेला नाही, अशा वेळी हद्द तारेशी संपते असे म्हणणे प्रस्तुत लेखकाच्या मते न्याय्य नाही. जोडणी देतानाच तारेवरील व घराच्या दूरच्या खोलीतील अशा दोन गती मोजून पावतीवर लिहून देण्याचे बंधन घातले, तर पुढील निम्मे वाद उद्भवणारच नाहीत आणि राउटर कोठे बसवावा याचा विचार कारागीर पहिल्याच दिवशी करील. त्याला खर्च पाच मिनिटांचा आहे.

इमारतींच्या बाबतीत मात्र एक पाऊल पडले आहे. ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये डिजिटल जोडणीच्या दृष्टीने मालमत्तांचे मानांकन करण्याविषयीचे विनियम जारी केले. घर घेताना पाण्याची टाकी आणि वाहनतळ पाहणाऱ्या ग्राहकाने भिंतीतून प्रत्येक खोलीत तार नेण्यासाठी नळी ठेवली आहे काय, हेही विचारण्यास हरकत नाही.

तक्रार करताना 'हळू चालते' एवढे लिहू नये. प्लॅनची गती, तारेवर घेतलेल्या सकाळच्या व रात्रीच्या मोजण्या, तारखा, प्रकाशाची पातळी आणि 'वाय-फाय वगळून मोजले आहे' हे वाक्य लिहावे, तसेच तक्रारीचा क्रमांक अवश्य घ्यावा. समाधान न झाल्यास त्याच सेवापुरवठादाराच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवीत नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसल्याने त्यांची पत्रे वाया जातात. केंद्र शासनाच्या तक्रार निवारण पोर्टलवरून दूरसंचार विभागाकडे दाद मागता येते. आणि दूरसंचार सेवेविषयीचे वाद ग्राहक मंचाच्या कक्षेत येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. या प्रत्येक टप्प्यावर तीन दिवसांच्या त्या अठरा नोंदींची एक प्रत सोबत जोडावी.